घरापुढचं लॉन: ऑल्मस्टेडचा वारसा की एचओएची वेठबिगारी?

शेवंती

एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) चिठ्ठी आली. पुढच्या वाफ्यातली मिरची आणि वांगी 'मंजूर लँडस्केपिंग'मध्ये बसत नाहीत, काढून टाका. (टेक्सास, ऑस्टिनबाहेरचं उपनगर.) त्या भांडणाचं मी बघून घेईन, धागा त्यासाठी नाही. मला वाद घालायचाय तो मिरचीच्या जागी जे असायला हवं म्हणतात त्या गवताशी.

माझं म्हणणं असं, की अमेरिकी घरापुढचं लॉन ही खासगी बाग नाहीच. एका सार्वजनिक उद्यानाचे तुकडे पाडून ते प्रत्येकाच्या दारात डकवलेत, आणि डकवताना त्यातला सार्वजनिकपणा तेवढा काढून घेतलाय.

१८५८ साली फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या उद्यानकारांचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. वळत जाणारे रस्ते, मोकळी कुरणं, आणि कुरणाची हद्द डोळ्याला कळू नये म्हणून कडेला झाडांची गर्दी. शहरातल्या सगळ्या थरांतल्या माणसांनी एकाच हिरवळीवर यावं, ही त्यामागची कल्पना. पुढे दहाएक वर्षांत याच जोडीने शिकागोजवळ रिव्हरसाइड नावाचं उपनगर आखलं. तिथेही वळणदार रस्ते, घरं रस्त्यापासून मागे सरकवलेली, पुढे भिंती नाहीत. गल्लीतून जाताना उद्यानातून चालल्यासारखं वाटावं. रिव्हरसाइडमध्ये निदान नदीकाठ सगळ्यांसाठी राखला होता. त्यानंतर आल्या त्या नकलेच्या नकला. नदीकाठ गेला, झाडं गेली, उरलं फक्त गवत.

आज माझ्या दारातल्या त्या तुकड्याला पाणी मी घालते, खत मी घालते, कापणाऱ्याला पैसे मी देते. त्यावर काय उगवायचं ते मात्र दुसरे ठरवतात. २००५ साली नासाच्या एका संशोधकगटाने उपग्रह आणि हवाई छायाचित्रांवरून अंदाज बांधला होता, की अमेरिकेत अशा कापलेल्या गवताखाली सुमारे १.६ लाख चौरस किलोमीटर जमीन आहे. गोल्फ कोर्स, मैदानं धरून. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त! सिंचनावर पिकणाऱ्या मक्याच्या तिप्पट.

तर प्रश्न: हा वारसा जपायचा की मोडायचा? मी मोडणाऱ्यांत.

नाना_जर्सीकर

शेवंतीताई, चिठ्ठीचा राग समजू शकतो, पण तो गवतावर काढू नका.

मी तीस वर्षं न्यू जर्सीत आहे. पहिल्यांदा या देशात आलो तेव्हा ज्या गोष्टीने थक्क झालो ती उंच इमारत नव्हती. घरांना कुंपणं नव्हती! आमच्याकडे बंगला म्हटला की आधी भिंत, भिंतीवर काचांचे तुकडे, मग 'कुत्र्यापासून सावध राहा'. इथे माणूस आपली जमीन रस्त्याच्या बाजूने उघडी टाकतो आणि त्याला त्यात धोका वाटत नाही. ही साधी गोष्ट नाही.

आणि हे आपोआप झालेलं नाही. ऑल्मस्टेडने रिव्हरसाइडच्या अहवालात इंग्लंडमधल्या उपनगरांतल्या उंच भिंतींची खिल्ली उडवलीय, खासगी वेड्यांच्या इस्पितळांची रांग असावी तशा दिसतात म्हणून. १८७० मध्ये फ्रँक स्कॉट नावाच्या गृहस्थाने उपनगरी घरांच्या परिसरावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचा आग्रह हाच, की शेजाऱ्याच्या नजरेपासून निसर्ग कुंपणाआड दडवणं हे शेजारधर्माला आणि ख्रिस्ती धर्मालाही सोडून आहे. माझ्या पुढच्या गवताचा आनंद माझ्याइतकाच रस्त्याने चालणाऱ्याला मिळतो. याला तुम्ही 'सार्वजनिकपणा काढून घेतला' म्हणता?

प्रत्येकाने मनाला येईल ते लावलं तर चार वर्षांत गल्लीची काय अवस्था होईल तेही डोळ्यांसमोर आणा. एकाकडे वांगी, दुसऱ्याकडे नादुरुस्त गाडी, तिसऱ्याकडे प्लास्टिकचे फ्लेमिंगो. नियम जाचक वाटतात, पण घर विकायची वेळ आली की हेच नियम गोड वाटतात.

कागदपत्र

ऑल्मस्टेडला दोन्ही बाजूंनी उगाच ओढलं जातंय.

कुंपणाशिवायच्या उपनगराचा मान रिव्हरसाइडला देऊ नका. त्याच्या बारा-पंधरा वर्षं आधी, १८५० च्या दशकात, वेस्ट ऑरेंजमध्ये लूएलिन पार्क वसलं. नाना, तुमच्याच राज्यात. लूएलिन हॅस्केल या व्यापाऱ्याने जमीन घेतली आणि अलेक्झांडर जॅक्सन डेव्हिस या वास्तुकाराने आखणी केली. आत घराघरांत कुंपण नाही, मध्ये पन्नास एकरांची सामाईक वनराई. पण संपूर्ण वसाहतीला फाटक, फाटकावर पहारेकरी. एडिसनने १८८६ मध्ये घर घेतलं ते इथेच. म्हणजे कुंपण गेलं नव्हतं, ते फक्त हद्दीवर सरकलं होतं. नाना ज्या मोकळेपणावर भाळलेत तो पहिल्या दिवसापासून आतल्या माणसांपुरता आहे.

शेवंतीताईंचा सेंट्रल पार्कही इतका भोळा नाही. ती जागा रिकामी नव्हती. पश्चिमेच्या बाजूला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, सव्वादोनशेच्या आसपास माणसं, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि त्यातल्या काहींची स्वतःच्या मालकीची घरं. चर्चेस होती, शाळा होती. १८५७ मध्ये शहराने ती उठवली. 'सगळ्या थरांसाठी' उद्यान उभं राहिलं ते त्या जागेवर. सुरुवातीच्या काळात त्या हिरवळींवर पाय ठेवायलाही बंदी असे, आणि मुलांना चेंडू खेळायचा तर शाळेतून चांगल्या वर्तनाचा दाखला आणावा लागे. 'गवतावर चालू नका' हा एचओएचा शोध नाही.

सक्तीचं म्हणाल तर रिव्हरसाइडमध्ये ऑल्मस्टेडला हवी होती ती झाडं. घर तीस फूट मागे घ्या आणि घर व रस्ता यांच्यामध्ये एकदोन जिवंत झाडं राखा, हे त्याचं म्हणणं. गवताची लेखी सक्ती पाहायची असेल तर लाँग आयलंडच्या लेव्हिटाउनला चला. १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरं. करारात अट अशी, की १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर दर आठवड्याला लॉन कापलंच पाहिजे. कुंपण घालायचं नाही. आणि सुरुवातीच्या भाडेकरारांत आणखी एक कलम होतं: गोऱ्यांखेरीज कोणी इथे राहायचं नाही, घरकामाचे नोकर सोडून. असली कलमं न्यायालयांनी अंमलात आणू नयेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्यानंतरही ती घरं बांधणारी लेव्हिट कंपनी कित्येक वर्षं कृष्णवर्णीयांना घरं विकत नव्हती.

गवताचं कलम आणि माणसांचं कलम एकाच वकिलाच्या टेबलावरून आलेली आहेत. एचओएचा दस्तऐवज वाचताना हे आठवत राहतं.

नाना_जर्सीकर

@कागदपत्र, इतिहासाबद्दल वाद नाही. पण हे म्हणजे ज्या कागदावर वाईट कलम होतं त्यावरची सगळी कलमं वाईट, असं झालं. त्याच लेव्हिटाउनमध्ये प्रत्येक घराला फळझाडं लावून दिली होती. मग सफरचंदही वर्णद्वेषी का? आज माझ्या गल्लीत गुजराती, कोरियन, पोलिश, नायजेरियन सगळे आहेत आणि सगळ्यांची लॉन्स एकमेकांना चिकटलेली आहेत. कोणाची कुठे संपते कळत नाही. स्कॉटला जे हवं होतं ते त्याला कल्पनाही नव्हती अशा लोकांनी करून दाखवलं.

माळढोक

इलिनॉयहून. सगळे समाजशास्त्रात रमलेत, जरा मातीकडेही बघू.

या राज्याचं टोपणनाव 'प्रेअरी स्टेट'. त्या मूळ गवताळ माळाचा चांगल्या स्थितीतला भाग आता एक दशांश टक्कासुद्धा उरलेला नाही. ज्या प्रदेशात माणसाच्या डोक्यावरून जाणारं गवत आपलं आपण वाढत होतं, तिथे आपण ते उपटून तीन इंची गवत लावलं आणि त्याला नळाचं पाणी पाजत बसलो.

आणि इथल्या उद्यानकारांना हे दिसत नव्हतं असं नाही. जेन्स जेन्सन हा डेन्मार्कहून आलेला माणूस. शिकागोच्या वेस्ट पार्क्समध्ये मजूर म्हणून लागला. बाहेरून आणलेली शोभेची रोपं तग धरेनात, तेव्हा त्याने आसपासच्या माळावरून रानफुलं खणून आणली आणि १८८८ मध्ये युनियन पार्कच्या एका कोपऱ्यात लावली. पुढे त्याच्या हातून कोलंबस पार्क झालं. मोकळं कुरण, संथ 'प्रेअरी नदी', पातळ दगडांच्या थरांतून झिरपणारं पाणी. मी तिथे उन्हाळ्यात नेहमी जातो. पाऊण तास बसलं तरी उठावंसं वाटत नाही. हाही अमेरिकेचाच वारसा आहे. नाना, तुम्ही वारसा म्हणता तेव्हा याला का मोजत नाही?

लॉनसुद्धा आजच्यासारखं नव्हतं. अमेरिकेत उद्यानकलेवर पहिलं वजनदार पुस्तक लिहिलं ते अँड्र्यू जॅक्सन डाउनिंगने, १८४१ मध्ये. (व्हॉक्सला इंग्लंडहून आणला तो यानेच. बिचारा १८५२ मध्ये हडसनवर बोटीला आग लागली त्यात गेला.) हिरवळीसाठी त्याची शिफारस होती रेडटॉप गवत आणि पांढरं क्लोव्हर (तीन-तीन पानांची बुटकी वनस्पती) यांच्या मिश्रणाची. क्लोव्हर हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं, खत कमी लागतं, मधमाश्या येतात. शंभर वर्षं ते बियाण्याच्या पिशवीत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानाचं सगळं मारतं, क्लोव्हरसुद्धा. मग औषध बदलण्याऐवजी क्लोव्हरलाच तण ठरवून टाकलं. आज तुमच्या लॉनमध्ये ते दिसलं तर शेजारी कीव करतो.

बागुलबुवा

माळढोकभाऊ, कोलंबस पार्क छानच आहे, पण ते सांभाळायला तिथे कर्मचारी आहेत. प्रेअरी लावली की पहिली तीन वर्षं नुसती निंदणी. पुढे ती तगवायला ठराविक काळाने जाळावी लागते. माझ्या टाउनहाउसपुढे जाळू? शिवाय गोचिड्या. आमच्या मेरीलँडमध्ये त्या चावून होणारा लाइम हा कागदावरचा आजार नाही.

दुसरं, हे 'नेटिव्ह नेटिव्ह' फार झालं. जेन्सनच्या 'इथली झाडं विरुद्ध परकी झाडं' या बोलण्याला वंशाचा वास येतो असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते मान्य नाही. मी म्हणतो, निदान आपण तरी जपून बोलावं. माझ्याकडे तुळस, जास्वंद, कढीपत्ता. एकही नेटिव्ह नाही, मालकासकट. त्या हिशेबाने केंटकी ब्लूग्रास माझा जातभाई: आला युरोपकडून आणि नाव मात्र इथलं लावून बसला.

गवत हे आळशी माणसाचं पीक आहे. शनिवारी अर्धा तास यंत्र फिरवलं, संपलं. मला बाग नको, मला शनिवार हवा.

माळढोक

अर्धा तास? मग एप्रिलपासून दर शनिवारी सकाळी सातला माझ्या खिडकीखाली काय चालतं?

कोणी अख्खं अंगण जाळायला सांगत नाहीये. चार फुटांची पट्टी लावा, कडेने कापलेलं गवत ठेवा. आणि मेरीलँडचं म्हणाल तर तुमच्याच राज्याने २०२१ मध्ये कायदा केलाय, की एचओए कोणाला गवतच लावा अशी सक्ती करू शकत नाही. एका जोडप्याने फुलपाखरांसाठी लावलेली झाडं काढायला नकार दिला, त्या भांडणातून आलेला कायदा. शनिवार तुमचा तुम्हाला लखलाभ, सक्ती नको एवढंच.

ड्रॉइंगबोर्ड

मी या धंद्यातला. लास व्हेगासमध्ये लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करतो, म्हणून थोडं वेगळं.

वरच्या वादात एक टप्पा सुटलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास कॅलिफोर्नियात थॉमस चर्चसारख्या उद्यानकारांनी घराची बाग म्हणजे राहण्याची खोली असं धरून काम सुरू केलं. लाकडी डेक, फरशीचा पॅटिओ, बसायची जागा, मुलांसाठी वाळू. सोनोमामधली १९४८ ची डॉनेल गार्डन आणि तिथला मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. याचा परिणाम असा, की जगणं सगळं बॅकयार्डमध्ये गेलं. बार्बेक्यू मागे, झोपाळा मागे, गप्पा मागे. त्याच सुमारास माणूस गाडीतून उतरून गॅरेजमधून थेट घरात शिरायला लागला. पुढचं अंगण वापरातून गेलं, फक्त त्याचं गवत कोणी काढलं नाही. नानांचा शेजारधर्म १८७० च्या फुटपाथवर खरा होता. तेव्हा संध्याकाळी लोक पुढच्या पोर्चवर बसत.

म्हणून मी ग्राहकाला एकच विचारतो: या गवतावर पाऊल कोण ठेवतं? कापणारा सोडून कोणीच नाही, असं उत्तर आलं तर ते काढायचं. मुलं खेळत असतील, कुत्रा लोळत असेल, तर खुशाल ठेवा. नेव्हाडाने २०२१ मध्ये कायदा केला तो जवळपास याच कसोटीवर. व्हेगास खोऱ्यात नुसत्या शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायला २०२७ पासून बंदी. ऑफिसांपुढचं, रस्त्याच्या मधलं, सोसायट्यांच्या सामाईक पट्ट्यांतलं गवत जाणार. मैदानं आणि बागा राहणार.

लॉन वाईट नाही. सेंट्रल पार्कच्या शीप मेडोवर उन्हाळ्यात बघा, इंच न इंच वापरात असतो. (१९३४ पर्यंत तिथे खरोखर मेंढ्या चरायच्या.) हजार माणसांत एक लॉन, हे गणित जमतं. एका माणसाला एक लॉन, हे जमत नाही.

नाना_जर्सीकर

आणि त्या कायद्यातून स्वतंत्र घरांना वगळलंय हे सांगायला विसरलात! म्हणजे धागा ज्या लॉनवर आहे त्याला तुमच्या वाळवंटानेसुद्धा हात लावलेला नाही. का बरं?

ड्रॉइंगबोर्ड

कारण मतदार तिथे राहतात, नाना. घरमालकांसाठी बंदी नाही, बक्षीस आहे: गवत काढा, चौरस फुटामागे पैसे घ्या. बरेच जण घेतात.

शेवंतीताई, तुमच्या कामाचं. टेक्सासने २०१३ मध्ये कायद्यात बदल केला, त्यामुळे कमी पाण्यावरच्या बागेला एचओए सरसकट मनाई करू शकत नाही. आराखडा मात्र आधी मागू शकतात. तेव्हा भांडू नका, कागदावर नीट नकाशा काढून द्या: झाडांची नावं, अंतरं, कडेची फरशी. एजिंग (वाफ्याची आखीव कड) स्वच्छ दाखवा, समितीचा निम्मा जीव तिथेच शांत होतो. मिरची-वांग्याला मात्र हा कायदा कामाचा नाही. भाजी मागे न्या.

शेवंती

मागे दिवसभर सावली असते, ऊन सगळं पुढे. म्हणूनच तर पुढे लावली होती. असो. नकाशा काढते. पुढे टेक्सास सेज, लँटाना, साल्व्हिया, आणि वांगी कुंड्यांत घालून ड्राइव्हवेवर. ड्राइव्हवेवरच्या कुंड्यांबद्दल दस्तऐवजात एक ओळ नाही, दोनदा वाचलाय.

नाना_जर्सीकर

लँटाना लावा, पण निम्मं गवत राहू द्या. उद्या नातवंडं आली की कळेल.

शेवंती

नाना, आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत. पुढच्या गवतावर खेळणारं एक मूल दाखवा, बाविसाव्या घराचं लॉन मी स्वतः कापून देते.