विषय: इंदूरला परतायचंय, पहिलं पॉइंट टू-टू (.२२) पिस्तूल कोणतं घेऊ?

प्रेषक: रामबागचा धाकटा, सध्या ओहायो

मंडळी, नमस्कार.

पुढच्या मे महिन्यात बिऱ्हाड आवरून इंदूरला कायमचा परततोय. आई-बाबा आता दोघंच आहेत, आणि बाबांचे गुडघे व्हिडिओ कॉलवर किती दिवस बघायचे? पण आजचा प्रश्न वेगळा आहे.

दोन वर्षं ऑफिसातल्या मित्राबरोबर रेंजवर जातोय. भाड्याच्या पिस्तुलावर हात बसला, आता स्वतःचं घ्यावंसं वाटतंय. फक्त टार्गेटसाठी, .२२ रिमफायर. डोक्यात तीन आहेत: रुगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घेतलं की मे महिन्यात सामानाबरोबर येईल, असा बेत आहे. ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीयच. कुणी असं काही नेलंय का?

————

प्रेषक: स्नेहलतागंजचे काका, न्यू जर्सी

भिया, लोक इथून एअर फ्रायर नेतात, आणि तू हे काय काढलंस! छप्पन दुकानला पोह्यांच्या रांगेत अजून तरी पिस्तूल लागत नाही.

असो. याचं उत्तर देऊ शकेल असा या मेल-यादीत एकच माणूस आहे आणि तो लोकमान्य नगरात बसलाय. तो लिहीपर्यंत खिशात हात घालू नकोस.

————

प्रेषक: लोकमान्य नगर, इंदूर (माजी ह्यूस्टन)

धाकट्या,

काकांनी नाव काढलं म्हणून लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बस.

तिन्ही पिस्तुलं चांगली आहेत. बिनसलंय ते तारखेत. राहायला परत येणाऱ्याला परवानगी असलेल्या बोअरचं (म्हणजे नळीच्या आतल्या मापाचं) एकच शस्त्र आणता येतं, आणि ते परदेशात किमान एक वर्ष तुझ्या ताब्यात आणि वापरात असावं लागतं. थँक्सगिव्हिंग ते मे, बोटं मोज. ओहायोत शस्त्राची नोंदणी नसते, त्यामुळे तुझ्याकडे पुरावा म्हणजे दुकानाची पावती, तारखेसकट. वापराचा पुरावा म्हणजे रेंजच्या पावत्या. भाड्याच्या पिस्तुलाच्या पावत्या त्यात धरू नकोस.

शिवाय विमानतळावर उतरताना भारतातला शस्त्रपरवाना आधीच हातात हवा. मी त्यासाठी दोन सुट्ट्या खर्च केल्या. पोलीस पडताळणीला शिपाई घरी येतो तेव्हा तू घरी हवास, ‘मुलगा अमेरिकेत आहे’ हे उत्तर त्याला चालत नाही. नव्या नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही आहे. ते कंटाळा न करता कर, मला स्वतःला उपयोग झाला.

आता ती अट, जिच्याकडे तिथल्या दुकानात कुणी बघत नाही. असं आणलेलं शस्त्र हयातभर विकता येत नाही, उसनं देता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. तिथे लोक पिस्तुलं मोबाइलसारखी बदलतात. इथे ते आजीच्या जात्यासारखं घरात बसतं. म्हणून ‘हातात कोणतं छान बसतं’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेव. पहिला प्रश्न: दहा वर्षांनी इंदुरात यातलं काय मोडेल आणि ते कोण नीट करून देईल?

माझंच सांगतो. मी आणलेलं पिस्तूल (नाव घेत नाही, त्याचा दोष नव्हता) तिसऱ्या वर्षी रिकामं काडतूस बाहेर फेकेना. उघडून बघितलं तर एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याचं, टोक उडालेलं. हा तुकडा नखाएवढा, तिकडे पिझ्झ्याच्या किमतीत मिळतो. भाच्याला म्हटलं, पाकिटात घालून पाठव. मग कायदा वाचला आणि भाच्याला रात्री फोन करून थांबवलं: १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा शस्त्रातच मोडतात. शेवटी परवानाधारक बंदूकमिस्त्री शोधला. त्याने जुना तुकडा भिंगाखाली धरला, पोलादाच्या पट्टीवर खिळ्याने रेघ मारली आणि कानशीने घासत बसला. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्याने स्प्रिंगवर बोट ठेवून तो कोन अर्ध्या केसाने कमी केला आणि म्हणाला, ‘अब निकलेगा.’ निघतंय. पण मधले आठ महिने ते कपाटात होतं.

यावरून माझं मत: साधं, पोलादी, खूप वर्षं बनत आलेलं घे. रुगरची ही जात १९४९पासून चालू आहे. शिवाय मार्क फोर मागचं एक बटण दाबलं की उघडतं. बक मार्क उघडायला षटकोनी किल्ली लागते, व्हिक्टरीलाही एक स्क्रू आहे. हे क्षुल्लक वाटेल, पण .२२ची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वरून मेण किंवा ग्रीस चोपडलेलं. दोनशे राउंडनंतर (राउंड म्हणजे गोळीसकट काडतूस) आत काजळी आणि शिसं यांचं लोणचं होतं. जे उघडायला त्रास, ते माणूस साफ करत नाही, आणि मग अडकलं की पिस्तुलाला शिव्या.

राउंडचंही बघ. तिकडे डब्यातून स्वस्तात मिळतात ते बहुतेक हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचे. टार्गेटचे राउंड मवाळ असतात (स्टँडर्ड व्हेलॉसिटी), चाळीस ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. या पिस्तुलात सरकणारा भाग मागे ढकलते ती फक्त राउंडची ताकद. म्हणून तिथेच स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे पाचशे राउंड झाड. त्यावर न अडकता चाललं तर इथे चालेल. येताना पन्नासच राउंडची मुभा आहे, म्हणजे एक डबी. उरलेला जन्म इथे परवान्यात लिहिलेल्या संख्येवर.

एक रिमफायरची गोष्ट, नवीन आहेस म्हणून. यात पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, मध्ये नाही. कडेत तो सगळीकडे सारखा भरला गेला नसेल तर राउंड फुसका निघतो. खटका पडला आणि आवाज नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. लगेच उघडून डोकावायचं नाही. आणि रिकाम्या पिस्तुलाचा खटका घरी टकटक वाजवत बसू नकोस. पुष्कळ मॉडेलांत पिन चेंबरच्या काठावर आदळून खाच पडते.

तिकडून निघतानाही कागद आहे. लायसन्सशिवाय तीन शस्त्रं न्यायची जी सूट लोक सांगतात ती परत आणायच्या बोलीवर. कायमचं न्यायचं तर वाणिज्य खात्याचं लायसन्स. विमान थेट भारताचं घे. मधल्या देशात उतरलास तर तिथला कायदा वेगळा. कुलूपबंद टणक पेटी, आत रिकामं पिस्तूल, काउंटरवर स्वतःहून सांगायचं. आणि तिकीट काढण्याआधी कस्टम्सकडून चालू नियम लेखी मागव, माझ्या मेलवर भरवसा ठेवून येऊ नकोस.

अजून एक. माझ्या पावतीवर दुकानदाराने हाताने सीरियल नंबर लिहिला होता. त्यातलं शून्य इथल्या एका कचेरीत इंग्रजी ‘ओ’ वाचलं गेलं. पिस्तुलावर एक, कागदावर एक. प्रतिज्ञापत्र, चार चकरा आणि एक पूर्ण उन्हाळा. पावती छापील घे.

————

प्रेषक: राजेंद्र नगरची ताई, इंदूर

दादा, तुमच्या एक्स्ट्रॅक्टरची गोष्ट आता तिसऱ्यांदा ऐकली, तरी आवडते.

धाकट्या, माझी मुलगी पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धा खेळते म्हणून दोन शब्द. स्पर्धेत उतरायचं मनात थोडं जरी असेल तर नळीची लांबी बघून घे. आंतरराष्ट्रीय नियमात नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, वजन १४०० ग्रॅमच्या आत, ट्रिगर दाबायला किमान १००० ग्रॅमचा जोर, नेम धरायची साइट उघडी. रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) नाही. साडेपाच इंची नळी म्हणजे १४० मिलिमीटर, बसते. सुमारे सात इंचाची देखणी नळी घेतलीस तर ती जन्मभर रविवारीच चालवायची. पार्डिनी किंवा वॉल्थरची स्पर्धेची पिस्तुलं वेगळ्याच जातीची, त्यांच्या किमतीत पहिलं पिस्तूल कुणी घेऊ नये.

पण खरं सांगू? मी तुझ्या जागी असते तर काहीच आणलं नसतं. दहा मीटरची ४.५ मिलिमीटरची एअर पिस्तूल, गोळीची ऊर्जा वीस ज्यूलच्या आत असेल तर इथे शस्त्रपरवाना लागत नाही. हात, श्वास, ट्रिगर सगळं तिच्यावरच शिकतात. मुलीने दोन वर्षं तीच चालवली, मग .२२ हातात घेतली, आणि पहिल्याच दिवशी तिला फक्त झटक्याची सवय करावी लागली. पंचवीस मीटरच्या रॅपिड भागात टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं. तेवढ्यात हात पंचेचाळीस अंशांवरून वर आणायचा. त्याला महागडं यंत्र नाही, रोजचा खांदा लागतो.

आणि इंदूरकराने नेमबाजी शिकायला ओहायोवरून काही आणावं हेच मला गंमतीचं वाटतं. २०१२ला लंडनमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायरचं रौप्य घेणारे विजय कुमार महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचे. महू आपल्याला तासाभरावर.

————

प्रेषक: रामबागचा धाकटा

दादा, ताई, काका,

रात्री बायकोबरोबर बसून हिशेब केला. पिस्तुलासाठी परतणं वर्षभर पुढे ढकलता येईल. बाबांच्या गुडघ्यांना ‘वर्षभर थांबा’ म्हणता येत नाही. त्यामुळे मे महिना पक्का, पिस्तूल रद्द. आल्यावर ताईंच्या मुलीकडून एअर पिस्तूल शिकेन, ती मला ओरडेल याची तयारी आहे. परवान्याचा अर्ज सावकाश करतो.

दादा, तोवर एखाद्या रविवारी तुमचं चालवायला द्याल का?

————

प्रेषक: लोकमान्य नगर, इंदूर

नाही. एवढी लांब मेल लिहिली, त्यातली मधली अट परत वाच.

मागे उभा राहून बघ. कानाला मफ घेऊन ये, माझ्याकडे एकच आहे.