जुनी गाडी नावावर करून घेताना काय काय झालं? अनुभव सांगा

इंदुरातल्या आपल्या बहुतेक घरांत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची एखादी तरी गाडी आलेली असते. तिकडे नवी आली की जुनीसाठी "तूच घेऊन जा" असा फोन येतो. घरातलाच व्यवहार, म्हणून कागद मागे राहतात. माझं तसंच झालं.

आतेभावाची २००९ ची वॅगन-आर, एमएच १२ म्हणजे पुण्याचा नंबर. दिवाळी २०२३ ला धुळे-सेंधव्यावरून चालवत आणली. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलमच आहे, हे ठाऊक होतं. वर्षभर म्हणजे पुष्कळ वेळ, असं वाटलं.

त्याआधी लागते जुन्या आरटीओची ना-हरकत, फॉर्म २८. त्या फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप हवा. बॉनेट उघडलं, इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. चौदा पावसाळे खाल्लेला पत्रा तो, पहिल्या तीन कागदांवर नुसता काळा पट्टा उमटला. मग घासलेटाच्या चिंधीने हळूहळू पुसत गेलो तशी एकेक खूण वर आली. शेवटून तिसरा आकडा मात्र तीन की आठ, कळेना. बायकोने मोबाइलचा उजेड बाजूने तिरपा पाडला तेव्हा स्पष्ट दिसला: आठ. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, तीन होता!

कधीतरी नोंद करताना कोणाच्या तरी हातून आठाचा तीन झाला होता आणि इतकी वर्षं कोणी ताडून पाहिलंच नव्हतं. दुरुस्तीचा अर्ज मूळ मालकालाच करावा लागतो. भावाने दोनदा रजा टाकली. शोरूमचं मूळ बिल त्याच्या आईने जपून ठेवलं होतं, म्हणून सुटलो. तोवर जुलै २०२४ उजाडला आणि गाडीची १५ वर्षं संपली. मग इथे तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी मोटारीला ५,००० रुपये झाली होती, आधी ६०० होती. मुदत उलटली की दर महिन्याला ५०० वेगळे.

तुमचं कुठे अडलं, किती खेटे पडले, कशाने सुटलं ते लिहा. एजंटाकडे दिलं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

लोकमान्यनगरहून

बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. गाडी त्यांच्या नावावर. मालक गेल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरायचा, हे आम्हाला वर्षाने कळलं. त्या दिवसांत कोणाला सुचणार होतं?

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, भावाची संमती, सगळं जमवलं. खिडकीवर गेल्यावर कळलं की आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे. कर्ज तर २०१२ सालीच फिटलं होतं. बाबांनी शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी पेढे आणले होते, मला आठवतंय. पण फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आरटीओत दिल्याशिवाय बोजा उतरत नाही, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही. ती शाखा आता बंद आहे आणि बँकही दुसऱ्या बँकेत विलीन झाली. कपाटात जुनं पासबुक सापडलं, त्यावरच्या खाते क्रमांकावरून नव्या बँकेने पाच आठवड्यांनी पत्र दिलं.

प्रतिज्ञापत्रावर आईच्या तीन सह्या होत्या. तिसरीला तिचा हात थांबला. टायपिस्ट काका काही बोलले नाहीत, पंखा बंद करून कागद धरून उभे राहिले. मी त्यांची ऋणी आहे.

रामबागेतून

मी विकणाऱ्या बाजूचा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी एका दलालाला दिली, पैसे मोजून घेतले, घरी आलो. चार वर्षं दुसऱ्या शहरातले ई-चालान माझ्या मोबाइलवर येत राहिले. चालानाचे पैसे भरता येतात हो, भीती अपघाताची होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिलाय की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, भरपाई त्याच्यावर येते. मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेलेली असो. हे वाचल्यावर मला झोप लागली नाही. शेवटी चालानावरच्या फोटोतल्या दुकानाच्या पाटीवरून गाडी शोधत गेलो. ज्याच्याकडे होती तो भला माणूस निघाला, माझ्यासोबत आला आणि गाडी नावावर करून घेतली. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, कळकळीने सांगतो.

स्नेहलतागंजहून

आमचं फक्त ओटीपीवर अडलं. परिवहन खात्याच्या पोर्टलवर मोबाइल नंबर मालकाचा नव्हता, पहिल्या मालकाच्या एजंटाचा होता. गाडीचे पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून ओटीपी येतो का बघा.

सुदामानगरहून

दादा, माझ्याकडे नाशिकची एमएच १५ सात महिने उभी आहे. तुमचं वाचून आज बॉनेट उघडलं. नंबरावर गंज आहे, सँडपेपर मारू का?

राजेंद्रनगरहून (धागाकर्ता)

अजिबात नको, भाऊ. एक आकडा जरी घासला गेला तरी नंबर खोडल्याचा संशय येईल आणि तपासणीत गाडी अडकेल. घासलेट, मऊ चिंधी आणि जुना दातांचा ब्रश, बस. आरसी बरोबर घेऊन रविवारी सकाळी या, माझ्याकडे पातळ कागद उरलाय. आकडे दोघं मिळून ताडून बघू.