बी विंग ग्रुप : न्हाणीतली गुडगुड

८०२ : नमस्कार मंडळी. आमच्या बेडरूमच्या न्हाणीत रोज सकाळी सात ते आठ नुसता वास मारतो. आत कोणी नसताना जाळीतून गुडगुड ऐकू येते. प्लंबर येऊन गेला. म्हणतो लाद्या फोडून ट्रॅप बदलायचा, १८ हजार. अजून कोणाला आहे का हा त्रास?

९०२ : आहे ना! शॉवरचं पाणीही रेंगाळत जातं. जाळी काढून मूठभर केस काढले. मुलगी हॉस्टेलला गेली तरी केस इथेच. पाणी जरा सुटलं, पण आवाज आणि वास आहे तसाच.

१०१ : आमच्याकडे वास नाही, फेस. वर कोणाचं वॉशिंग मशीन सुटलं की आमच्या न्हाणीत साबणाचा डोंगर. आज चपला तरंगल्या.

५०२ : मी काल ॲसिडची बाटली ओतली. आज ब्लीचिंग पावडर टाकून बघते.

६०३ : ताई थांबा!! ब्लीचिंग टाकू नका. ॲसिडवर ब्लीचिंग पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत जीव घुसमटेल. खिडकी उघडी ठेवा, जरा लांबूनच भरपूर साधं पाणी सोडा आणि दोन दिवस दुसरं काहीही ओतू नका.

५०२ : बाई गं. पावडरचा डबा माळ्यावर टाकला.

६०३ : ८०२, लाद्यांना हात लावू नका अजून. वीस वर्षं साइटवर प्लंबिंग बघितलंय म्हणून जरा लांब लिहितो. प्लंबर ज्याला नानी ट्रॅप म्हणतात तो आपला न्हाणीचाच ट्रॅप. त्याच्या वाकात सुमारे ५० मिलीमीटर पाणी कायम उभं असतं. खालच्या पाइपातला वास आणि झुरळं अडवणारं झाकण म्हणजे तेवढंच पाणी. म्हणजे वास आला तर पहिला प्रश्न पाणी जातंय का हा नाही, पाणी राहतंय का हा. जाळी काढा, बॅटरी मारा, झाडूची काडी बुडवा. बोटाची दोन पेरं भिजली पाहिजेत. कमी भिजली तर पाणी कुठे गेलं ते शोधायचं.

एकाच न्हाणीत पाणी तुंबलं तर दोष घरचा : केस, साबणाचा गाळ, आपल्याकडे डोक्याला चोपडलेलं खोबरेल. एकाखाली एक घरं तक्रार करत असतील तर दोष उभ्या लाइनचा. तुमचं आणि ९०२ चं तसंच दिसतंय. कधीपासून आहे हे?

८०२ : काका, पावसाळ्यात लक्षात आलं. मे महिन्यात नव्हतं.

६०३ : बरं. आत्ता एक प्रयोग करू. ९०२, दोन बादल्या भरून एकदम ओता. फ्लश करून उपयोग नाही, आपली संडासाची लाइन वेगळी आहे. ८०२, तुम्ही ट्रॅपमध्ये बघत राहा.

९०२ : ओतल्या.

८०२ : काका पाणी हललं! गुडगुडलं आणि पेरभर खाली गेलं. बाजूला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

६०३ : झालं तर. पाइपातून पाणी धपकन खाली गेलं की मागे पोकळी होते. ती भरायला गच्चीवरच्या उघड्या तोंडातून हवा यायला हवी. ते तोंड बंद असेल तर पाइप हवा तुमच्या ट्रॅपमधून ओढतो आणि जाताजाता तिथलं पाणीही घेऊन जातो. सकाळी सात ते आठ अख्खी विंग आंघोळ करते, म्हणून वासही तेव्हाच. सेक्रेटरीसाहेब, मे महिन्यात गच्चीवर पत्र्याची शेड घातली, तेव्हा त्या चार इंची पाइपांचं काय केलं?

सेक्रेटरी : पत्र्याला भोक नको म्हणून फॅब्रिकेटरने शेडच्या आत कापले. भोकातून गळलं असतं ना. रत्नागिरीचा पाऊस काय सांगायचा तुम्हाला. वॉचमनला वर पाठवतो.

सेक्रेटरी : वॉचमनचा फोन. आपल्या लाइनच्या पाइपाला सिमेंटची रिकामी पिशवी बांधलीय. आत प्लास्टिक, वर सुतळी.

११०१ : अहो ती मीच बांधली 🙈 शेडखाली कपडे वाळत घालते, सगळ्यांना गटाराचा वास. दोन महिने माझ्या मनात येत होतं, कोणी विचारलं तर सांगू.

८०२ : काकू, माझे १८ हजार वाचले, तुम्हाला काय बोलणार!

६०३ : वहिनी, तुमची तक्रार खरी होती. नुसती पिशवी सोडली तर वास परत कपड्यांना. पाइपाला जोड देऊन तो पत्र्याच्या वर न्यायचा, तोंडाला जाळीची टोपी बसवायची म्हणजे पक्षी घरटं करणार नाहीत, आणि पत्र्याच्या भोकाभोवती नीट वॉटरप्रूफिंग. गळेल म्हणून पाइप कापायचा हा फॅब्रिकेटरचा आळस, दुसरं काही नाही. तोवर पिशवी सोडाच.

१०१ : आणि आमच्या चपला?

६०३ : तुमचं दुखणं वेगळं. खाली पाइप वळून चेंबरकडे जातो तिथे वरून येणाऱ्या पाण्याचा दाब साठतो, फेस मागे फिरतो. चेंबर अर्धा भरलेला असेल तर जास्तच. झाकण उघडून बघा, जांभ्याची लाल माती बसली असणार. या पावसात नाही बसली तर नवल.

१०१ : उघडलं. लाल चिखल, वर नारळाच्या शेंड्या. कोण टाकतं हे??

सेक्रेटरी : उद्या चेंबर साफ. शेंड्यांचा विषय मीटिंगमध्ये.

४०३ : मधेच विचारते. ४०४ च्या दाराखालून पॅसेजमध्ये वास येतो. ते तर मुंबईला, होळीनंतर आलेच नाहीत.

६०३ : मग त्यांचा ट्रॅप कोरडा. उन्हाळ्यात पाणी आटलं, ओतायला कोणी नाही. घर बंद करून जाताना प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी आणि वर दोन चमचे गोडंतेल सोडायचं. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही. चावी कोणाकडे आहे?

३०१ : माझ्याकडे. गणपतीला येतायत ती माणसं, घर उघडून ठेवायला सांगितलंच होतं. आत्ता जाऊन दोन्ही न्हाणीत बादली बादली ओतली. एक झुरळ माझ्या चपलेवरून गेलं. तेल खोबरेल चालेल का?

६०३ : नको हो वहिनी, ते थंडीत थिजतं. गोडंतेलच.