कन्सिस्टन्सी: सातत्य, सुसंगती की एकरूपता?

वैद्यकीय संज्ञांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'व्हिज्युअलायझेशन वापरून मेडिकल टर्मिनॉलॉजीची कन्सिस्टन्सी तपासणे' याला 'दृश्यीकरणाद्वारे वैद्यकीय परिभाषेचे सातत्य तपासणे' असं लिहिलंय. 'सातत्य' खटकतंय. काय लिहावं?

उत्तर १:
'सातत्य' नकोच. ते रियाजात असतं, खंड न पडण्यात. इथे प्रश्न आहे परस्परविरोध नसण्याचा, म्हणून 'सुसंगती'. 'परिभाषा'ही तोकडी पडते. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत, आणि त्या 'हा त्याचा प्रकार' या नात्याने एकमेकींना बांधलेल्या आहेत. जिवाणूजन्य न्यूमोनिया एकीकडे न्यूमोनियाखाली येतो, दुसरीकडे जिवाणूसंसर्गाखाली. शब्दांची यादी नव्हे, जाळंच ते. 'संज्ञाप्रणाली' म्हणा.

या जाळ्यात चूक कशी शिरते पाहा. पायाचं बोट हा पावलाचा भाग आहे, पावलाचा प्रकार नाही. पण 'बोट कापणे' हे 'पाऊल कापणे'चा प्रकार म्हणून नोंदलं गेलं, तर पाऊल गमावलेले रुग्ण मोजताना फक्त बोट गेलेलेही त्यात येतात. म्हणूनच स्नोमेडमध्ये 'संपूर्ण पाऊल' आणि 'पावलाची संरचना' (म्हणजे पाऊल किंवा त्याचा कुठलाही भाग) या वेगळ्या संकल्पना ठेवल्या आहेत.

आणखी एक दोष म्हणजे नात्यांचं वर्तुळ: अ हा ब चा प्रकार, आणि ब पुन्हा अ चा. याला नवा शब्द घडवू नका. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, दोघांच्या अशा गुंत्याला 'अन्योन्याश्रय' म्हणतात, तिघांपासून पुढे 'चक्रक'. इतके नेमके शब्द आयते असताना 'चक्रीय संबंध' कशाला?

प्रश्नकर्ती:
'चक्रक' घेतेच! पण विरोध आणि वर्तुळं तर संगणक तर्कानेच पकडतो. मग चित्र कशाला?

उत्तर १:
कारण उणीव म्हणजे विरोध नव्हे. समजा, डाव्या मनगटाचा अस्थिभंग 'अस्थिभंग'खाली आहे, आणि उजव्याचा फक्त 'दुखापत'खाली. दोन्ही विधानं खरीच आहेत, त्यामुळे तर्कयंत्र गप्प बसतं. दोन्ही फांद्या शेजारी काढल्या की उजवीकडची गळालेली रेघ लगेच डोळ्यांत भरते. एखाद्या संकल्पनेखाली एकाच रांगेत शेकडो पोरं, म्हणजे उपप्रकार, लोंबत असतील, तर मधली पायरी राहिलीय का, हेही चित्रातच जाणवतं. सारख्या गोष्टींना सारखी वागणूक मिळणं ही 'एकरूपता'. इंग्रजीत सुसंगती आणि एकरूपता दोन्हींना कन्सिस्टन्सीच म्हणतात, मराठीत मात्र हे दोन अर्थ वेगळे ठेवावेत असं मला कळकळीने वाटतं.

उत्तर २:
'दृश्यीकरण'ऐवजी 'चित्ररूप मांडणी' बरं. मनात चित्र उभं करण्यालाही व्हिज्युअलायझेशनच म्हणतात, तो घोळ टळेल.

प्रश्नकर्ती:
मग असं करते: 'चित्ररूप मांडणीतून वैद्यकीय संज्ञाप्रणालीची सुसंगती आणि एकरूपता तपासणे'. लेखात जिथे जिथे कन्सिस्टन्सी आलंय, तिथे आता दोन्हींपैकी कोणता अर्थ आहे ते पुन्हा बघावं लागेल.