तीन वर्षं एकच प्रार्थना करतेय, उत्तर नाही. आता विश्वास कसा ठेवायचा?

बावड्याची सून:

सर्वांना सलाम. मी कसबा बावड्यात राहते, घरीच शिवणकाम करते. आमचे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. 2022 च्या दिवाळीनंतर दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तेव्हापासून आठवड्यातनं तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. डाव्या हाताला फिश्चुला केलाय, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलीय. रात्री ते झोपले की मी त्यावर तळहात ठेवते. आत मधमाशी कोंडल्यासारखं भणभणतं. ती भणभण हाताला लागली की मगच माझा डोळा लागतो.

पाणी मोजून. सकाळी एक बाटली भरून ठेवते, दिवसभराचा चहा, आमटी सगळं त्यातच धरायचं. बघायला येणारे मायेनं शहाळी आणतात, ती चालत नाहीत, पोटॅशियम वाढतं. रविवारी शेजारी मटण शिजलं की हे तांबड्या रश्श्याच्या वासानं उठून गॅलरीत जाऊन बसतात. काही बोलत नाहीत.

प्रार्थनेत कमी केलं नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना केली. माझे शुक्रवारचे उपास चालूच आहेत. सासूबाई किडनी द्यायला तयार झाल्या, रक्तगट जुळला, आम्हाला वाटलं दार उघडलं. शेवटच्या तपासणीच्या आदल्या रात्री महिला मंडळाच्या बायका आमच्या घरी अकरापर्यंत गुडघ्यावर होत्या. दुसऱ्या दिवशी क्रॉसमॅच जुळला नाही, म्हणजे त्यांची किडनी यांचं रक्त स्वीकारणार नाही असं निघालं. आता किडनीसाठी नाव पुण्याच्या प्रतीक्षा यादीत आहे, वाट बघायची.

त्यानंतर मंडळीतल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "घरात लपलेलं पाप असंल, नाहीतर तुझा विश्वास कमी पडतोय." त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की "हे प्रभू" एवढंच तोंडातून निघतं, पुढं काही नाही. "ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडले जाईल" हे वचन आमच्या भिंतीवर आहे. ठोकून ठोकून हात दुखायला लागले. खरंच सांगा, काय करू?

गडहिंग्लजचा भाऊ:

ताई, धीर सोडू नका. 21 दिवसांची उपास-प्रार्थना धरा, दादांनाही सोबत घ्या. आजाराचं नाव तोंडाने काढू नका. बरे झालेच आहेत असं म्हणून रोज धन्यवाद द्या. आमच्याकडं अशा साक्षी झाल्यात.

मिरजेची सिस्टर:

भाऊ, तुमची कळकळ समजते, पण डायलिसिसच्या पेशंटला उपास सांगू नका. यांचं जेवण, औषधं, पाणी सगळं ठरवून दिलेलं असतं. मी कित्येक वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात आहे. "बरा झालो" असं कबूल करून मशीन चुकवलेली माणसं मी रात्री दम लागून परत आलेली बघितलीत. त्यातली सगळी वाचली नाहीत.

ताई, तुम्ही हात ठेवून बघता ते फार चांगलं करता. त्या हातावर बीपी घेऊ देऊ नका, सुई टोचू देऊ नका, पिशवी अडकवू देऊ नका. भणभण लागली नाही तर सकाळची वाट न बघता लगेच निघा. आणि त्या जिन्यातल्या बाईंचं मनाला लावून घेऊ नका. जन्मांध माणसाकडं बोट दाखवून शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशूने दोन्हीला नाही म्हटलं. योहान, नववा अध्याय.

नागाळा पार्कचे मास्तर:

मुली, मी निवृत्त शिक्षक आहे. माझी बायको साडेचार वर्षं डायलिसिसवर होती, म्हणून लिहितोय.

ऑगस्ट 2019 चा महापूर तुला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांवर गेलेलं. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो. तिचे दोन डायलिसिस चुकले. तिला झोपून श्वास घेता येईना, म्हणून खुर्चीत बसवून मी मागून धरून ठेवलं होतं. रात्रभर एकच मागणं, प्रभू, पाणी उतरव. जिन्याच्या पायरीला खडूने खूण केली होती. दर तासाला टॉर्च मारून बघायचो. पाणी उतरलं नाही, खूणच बुडाली. सकाळी बोटीतून तिला बाहेर काढलं, त्या वेळी वाचली. पुढच्या फेब्रुवारीत गेली.

"बोट पाठवली हेच उत्तर" असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी ते नाकारत नाही. पण मग फेब्रुवारीत बोट का आली नाही, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही, आणि ज्यांना ते आहे असं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

ती गेल्यावर मीही तुझ्यासारखाच मुका झालो होतो. तेव्हा बायबलातलं स्तोत्र 88 हाती लागलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडं वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी पहिल्याच ओळीत तो देवाला माझा तारणारा म्हणून हाक मारतो आणि मग त्याच्याच तोंडावर सगळं बोलतो. ही तक्रार पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकली नाही. विश्वास उडालेला माणूस देवाशी भांडत नाही गं, तो उठून निघून जातो. तू अजून बसतेस.

मार्था आणि मरीया बघ. भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप पोचूनही येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. आला तेव्हा लाजर कबरेत जाऊन चार दिवस झाले होते. दोघी बहिणींनी वेगवेगळं भेटून एकच वाक्य ऐकवलं, तुम्ही इथं असता तर भाऊ मेला नसता. त्याने कुणाला विश्वास कमी म्हणून झापलं नाही. मरीयेला रडताना बघून तो स्वतः रडला. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून तीनदा विनवणी केली होती. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढं मिळालं. हे वचन मला कुणी अंत्यविधीला ऐकवलं तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. ते कळायला मला पुढची दोन वर्षं लागली, तुला आजच कळावं अशी माझी अपेक्षा नाही.

"हे प्रभू" एवढंच येतं ना? तेवढंच म्हण. शब्द सापडले नाहीत तर स्तोत्र 13 घे. दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कुठवर" विचारतो. तू पाचव्यांदा विचार.

आणि शुक्रवारचे उपास थोडे थांबव. तू पडलीस तर बाटली कोण भरणार?

बावड्याची सून:

मास्तर, सिस्टर, दोघांचं लिहिलेलं मी यांना वाचून दाखवलं. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिन्यातलं मला सांगितलं नाहीस." मी म्हटलं, तुम्हाला आणखी त्रास कशाला. तर म्हणाले, "मला वाटायचं माझ्याच पापामुळं झालंय. तीन वर्षं मी तुला सांगितलं नाही."

रात्री चष्मा शोधून 88 वं यांनीच मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ झाल्यावर मी आमेन म्हणायला गेले, तर म्हणाले, थांब जरा. तसंच बसलो. हात फिश्चुल्यावर होता.

उद्या डायलिसिसची पहिली शिफ्ट आहे, सहाला निघायचंय. गडहिंग्लजच्या भाऊंनाही सलाम, यांच्यासाठी प्रार्थना करत राहा, उपास मात्र नको.