हौशी चाकूवाल्यांच्या मेळाव्यात पाती मोडून दाखवावीत का?

ऐरणीवरचा (धागाकर्ता)

आम्ही काही हौशी मंडळी हिवाळ्यात पुण्याबाहेर एका ओळखीच्यांच्या वर्कशॉपच्या आवारात जमतो. कुणी आयटीतला, कुणी टूलरूममधून निवृत्त झालेला, एक दातांचे डॉक्टरही आहेत. गॅसची भट्टी, दोन ऐरणी, एक बेल्ट ग्राइंडर. वर्षभरात केलेले चाकू टेबलावर मांडायचे आणि बाकीच्यांनी "वा, काय पॉलिश आहे" म्हणायचं, असा साधारण कार्यक्रम असतो. यंदासाठी मी ग्रुपवर एक सूचना टाकली. अर्ध्यांनी अंगठा दिला, अर्धे गप्प बसले. गप्प बसलेल्यांचं म्हणणं ऐकायचंय म्हणून इथे धागा काढतोय.

सूचना अशी: प्रत्येकाने एक साधं, बिनपॉलिशचं पातं जास्तीचं करून आणावं. ते सगळ्यांसमोर कामाला लावावं आणि शेवटी व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) धरून ९० अंशांत वाकवावं. मोडलं तर मोडलं.

कल्पना माझी नाही. बिल मोरान आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७६ साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली. तिथे जर्नीमन स्मिथ (मास्टर स्मिथच्या खालची पदवी) व्हायचं तर हेच करावं लागतं. एक इंच जाडीचा लोंबता दोर एका फटक्यात तोडायचा. मग 'टू बाय फोर' (तिकडचं बांधकामाचं जाड लाकूड) दोनदा तोडायचं. एवढं झाल्यावर त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत. मग वाकवणं. धारेला थोडा तडा गेलेला चालतो, पात्याचा तुकडा पडला की नापास. तिकडच्या हॅमर-इनमध्ये, म्हणजे असल्याच मेळाव्यांत, लोक या परीक्षेची तयारी करतात.

हे कशाला? कारण टेबलावरच्या पात्याच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. लोहचुंबक चिकटायचं बंद झालं म्हणजे पोलाद ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं, तिथून थोडंच वर नेऊन तेलात बुडवायचं असतं. आपल्यातले निम्मे लोक भट्टीत पातं ठेवून गप्पा मारत बसतात. ते पांढरट पिवळं होईपर्यंत तापतं, पोलादाचे आतले दाणे (स्फटिक) मोठे होऊन ते ठिसूळ होतं, आणि वरून ग्राइंड केलं की सगळं सारखंच चकाकतं. मोडल्यावर मात्र लपत नाही. मोडलेली जागा बारीक आणि करडी असेल तर ठीक, चमचमते दाणे दिसले तर भट्टी जास्त झाली.

गेल्या खेपेला शिसवीची मूठ आणि पितळी बोल्स्टर (मूठ आणि पात्यामधला धातूचा तुकडा) असलेला एक देखणा चाकू सगळ्यांच्या हातून फिरला, फोटो निघाले. दुपारी कुणीतरी तो सोललेल्या नारळाच्या करवंटीवर हाणला आणि इंचभर धार पानासारखी वळली. पातं मऊ राहिलंय हे त्या माणसाला वर्षभर कुणी सांगितलंच नव्हतं.

मूठवाला

साफ असहमत. हौस आहे हो, दहावीचा बोर्ड नाही. मी आठवडाभर ऑफिसात परीक्षाच देत असतो. मला मूठ घडवायला आवडते, पातं मी तयार पट्टी कापून करतो आणि उष्णतेचं काम बाहेरून करून घेतो. मग मी काय सिद्ध करायला यायचं? नवीन पोरगं पहिल्यांदा घाबरत घाबरत काहीतरी करून आणणार आणि तुम्ही चाळीस जणांसमोर ते मोडणार. पुढच्या वर्षी येईल का तो?

टेम्परिंग

मी धातूशास्त्र शिकवते. मोडायला माझी हरकत नाही, वाकवण्यावर आहे.

एकाच मापाचं मऊ आणि कडक पातं घ्या. सुरुवातीला दोन्ही वाकवायला तेवढाच जोर लागतो, कारण पोलादाचा ताठपणा पाणी दिल्याने (तापवून तेलात-पाण्यात बुडवून कडक केल्याने) फारसा बदलत नाही. फरक पुढे दिसतो. मऊ पातं वाकडंच राहतं, कडक पातं सोडल्यावर सरळ होतं किंवा तुटतं. म्हणजे पाठ मऊ ठेवली की तुमची परीक्षा पास. धारेचं काय? आणि जाडी? पातळ पातं सहज वाकतं, पाव इंची पाठीचं वाकवताना घाम फुटतो.

उलट, रॉकवेल (कडकपणाचं माप) ६२ च्या आसपासचा जपानी पद्धतीचा किचन नाइफ घ्या. तुमच्या व्हाइसमध्ये तो तुटणारच. पण कांदा-टोमॅटो चिरायला तुमच्या वाकणाऱ्या पात्याहून तो कितीतरी सरस. जे पातं झाडाच्या फांद्या तोडायला केलेलंच नाही त्याला ही कसोटी लावून काय मिळणार?

धार बघायची तर पितळी सळीवर धार थोडी तिरकी दाबून ओढा. धार किंचित लवून परत आली तर उत्तम. लवून तशीच राहिली तर मऊ, कपचा उडाला तर ठिसूळ. दाणे बघायचे तर त्याच पट्टीचा बोटभर तुकडा त्याच भट्टीतून, त्याच तेलातून काढा आणि हातोडीनं मोडा. चाकू शाबूत राहतो.

ऐरणीवरचा (धागाकर्ता)

@टेम्परिंग, पितळी सळीचं मान्य, ती आणतोच. बोटभर तुकड्याचं तितकंसं पटत नाही. तुकडा सगळीकडे सारखा जाड असतो. पात्याचं टोक पातळ, तिथेच आधी जास्त तापतं आणि तिथेच घोळ होतो. तुकडा पास आणि टोक नापास असं मी पाहिलंय.

@मूठवाला, तुमचं पातं मोडा असं कुणी म्हणत नाही, वाचा परत. जास्तीचं, बिनमुठीचं पातं. आणि उष्णतेचं काम बाहेरून करून घेता ना, मग ते करणारा काय देतोय हे तुम्हाला बघायचं नाही?

सातासमुद्रापार

अटलांटाजवळ राहतो. ब्लेड शो इथेच भरतो आणि जर्नीमनचे पाच पूर्ण चाकू परीक्षक तिथेच तपासतात. धाग्यात अर्धीच गोष्ट आलीय म्हणून लिहितोय.

दोर, लाकूड आणि वाकवण्याची परीक्षा आधी एखाद्या मास्टर स्मिथकडे जाऊन द्यायची. त्यासाठी लोक खास परीक्षेचं पातं करतात. पाठ जाड, धारेमागचं पोट भरलेलं, धार सोडून बाकी सगळं मुद्दाम मऊ केलेलं. असं पातं कुणी गिऱ्हाइकाला विकत नाही. म्हणजे ज्यावर पास झाले ते एक आणि टेबलावर मांडलं ते दुसरं. मग तुमच्या त्या शिसवीच्या मुठीवाल्याचं परीक्षेचं पातं पास होईल आणि टेबलावरच्या चाकूची धार पुन्हा वळेल, त्याचं काय करणार?

(तरी एक सांगतो. इथल्या हॅमर-इनला मी आवडीनं जातो ते या मोडण्यासाठीच. तिथे सगळे खरं बोलतात.)

लोहाराघरचा

आजोबा, वडील लोहार. मी आता सीएनसीवर काम करतो, पण भात्यापाशीच वाढलोय.

वरचं सगळं वाचून एक गोष्ट कुणालाच सुचली नाही याची गंमत वाटली. तुमच्या अमेरिकन परीक्षेत कडक धार आणि मऊ पाठ लागते, ती परीक्षा आपल्याकडचा कोयता रोज देतो. वडील ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता घडवत. तापवला की फक्त धारेकडची दोन बोटं पाण्यात. बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासून एक पट्टा उजळ करायचा आणि थांबायचं. पाठीत राहिलेली ऊब धारेकडे सरकते तसा त्या उजळ पट्ट्यावर रंग चालत येतो. आधी फिका पिवळा, मग गडद, मग तपकिरी. तपकिरी धारेला लागला की सगळा कोयता पाण्यात. थर्मामीटर नाही, चुंबक नाही. भट्टी सावलीत, कारण उन्हात रंग दिसत नाही. पाठ कधी कडक झालीच नाही तर ती मोडेल कशी?

आणि तरी मी तुमच्या सूचनेच्या विरोधात आहे. वडिलांना कुणी "हा कोयता वाकवून दाखवा" म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. त्यांची परीक्षा ऊसतोडीच्या हंगामात व्हायची. पातं खराब निघालं तर माणूस परत येऊन समोर टाकायचा, फुकट दुरुस्त करून द्यावं लागायचं. तुम्ही चाकू करून कपाटात ठेवता आणि मग व्हाइसमध्ये धरून त्याची परीक्षा घेता. वर्षभर वापरायला द्या ना कुणालातरी! भाजीवाल्याला द्या, शहाळंवाल्याला द्या.

दुसरं. अशा एका मेळाव्याला (तुमचा नव्हे) रस्त्याकडेला पाल टाकून राहणाऱ्या एका घिसाडी जोडप्याला "डेमो"साठी बोलावलं होतं. तो सांडशी धरायचा, ती घण मारायची, तिच्या घणाचा एक ठोका इकडेतिकडे होत नव्हता. लोकांनी व्हिडिओ काढले, जेवण दिलं, पाठवून दिलं. पाणी कसं देता हे एकानंही विचारलं नाही. शिक्षक म्हणून बोलवा, दिवसाची मजुरी आणि वर मानधन द्या, आणि मग बोला परीक्षेचं.

मूठवाला

@लोहाराघरचा, मानधनाला +१. बाकी माझं मत तेच.

नियमावली

अवांतर, पण कामाचं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं, जे घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेलं नाही, ते शस्त्रांच्या यादीत येतं. अमेरिकेतल्या त्या परीक्षेत पातं १० इंचांपर्यंत चालतं. आपल्याकडे तेवढी बोवी (मोठा अमेरिकन चाकू) करून बॅगेत घालून आलात तर "परीक्षेसाठी आहे" हे नाक्यावरच्या हवालदाराला समजावत बसा. शिवाय शहरांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश अधूनमधून लागू असतात. कोयता गँगच्या बातम्यांनंतर पुण्यात कुणीच हे हसण्यावारी नेणार नाही. मेळाव्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात एक पत्र देऊन पोच घ्या. पाती ८ इंचांच्या आत ठेवा.

भंगारवाला

कमानपाटा म्हणजे हुकमी पोलाद असं सगळे समजतात. नवीन असेल तर गोष्ट वेगळी. लाखो किलोमीटर खड्ड्यांतून गेलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. तुम्ही वाकवणार, तो त्या भेगेवर मोडणार आणि नाव येणार पाणी देणाऱ्यावर. त्यात भंगारातलं पोलाद कोणतं हेच माहीत नसतं. परीक्षाच घ्यायची तर सगळ्यांना एकाच नव्या बारमधून कापून पट्ट्या द्या. मग फरक माणसाचा दिसेल.

ऐरणीवरचा (धागाकर्ता)

बार एकच, हे घेतलं. पाती ८ इंचांच्या आत आणि पोलिसांना पत्र, हेही. दोराच्या जागी काथ्याचा जाड दोर आणि लाकडाच्या जागी बाभळीची ओली फांदी धरू, आपल्याकडे तेच तोडायचं असतं. @लोहाराघरचा, तुम्ही स्वतः येऊन तो रंग चालताना दाखवाल का? मानधन ठरवून देऊ. भाजीवाल्याला चाकू द्यायची कल्पना चांगली आहे, पण तो वर्षानं "छान आहे साहेब" एवढंच सांगेल. का छान आहे ते कळणार नाही. म्हणून वाकवणं राहील.

@सातासमुद्रापार, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पट्टी सगळ्यांना सारख्या जाडीची दिली आणि पाठीची जाडी बांधून दिली तर फसवायला वाव कमी राहील एवढंच.

लोहाराघरचा

येईन. पण वाकवताना मी तिथे उभा राहणार नाही.

टेम्परिंग

वाकवणारच असाल तर निदान नीट वाकवा. टोक खाली करून दोन-अडीच इंच व्हाइसमध्ये, मुठीकडच्या बाजूला लांब पाईप चढवून हळूहळू ओढा, झटका नको. पात्याला जाड कापड गुंडाळा. तुटलेलं टोक कुठे उडेल सांगता येत नाही, तेव्हा चष्म्याशिवाय कुणाला पाच-सहा मीटरच्या आत येऊ देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच. आणि निकालपत्रकात "पास-नापास" लिहू नका. कुठल्या अंशाला तडा गेला आणि मोडलेली जागा कशी दिसली तेवढंच लिहा. वाकवण्याला माझा विरोध कायम आहे.