'दशावतार' कोणी कोणी पाहिला? (सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा, २०२५)

अमेय, बी-२०४: काल रात्रीच्या शोला 'दशावतार' हा मराठी चित्रपट पाहिला. सोसायटीत आणखी कोणी पाहिलाय का? बोलावंसं वाटतंय खूप.

जोशी काकू, ए-१०२: आम्ही दोघं रविवारीच जाऊन आलो. अरे काय तो माणूस! दिलीप प्रभावळकरांना ८१ वर्षं पूर्ण झालीत आणि या वयात बाबुली या दशावतारी नटाच्या भूमिकेत जंगलात, पाण्यात, अंगावर एवढा साज घालून काम केलंय. माझ्या डोळ्यांना तर धार लागली होती.

सावंत काका, बी-४०२: म्हाताऱ्यान काय काम केल्यान हां!

अमेय, बी-२०४: काका, तुम्ही कुडाळकडचे. तुम्हाला खरं वाटलं का ते सगळं?

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते २ पाण्याची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. (चर्चा चालू द्या. मीही पाहिलाय, छान आहे.)

सावंत काका, बी-४०२: अमेय, जरा लांबलचक लिहितो, चालवून घे.
दशावतार म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य. आमच्याकडे जत्रेतला दशावतार देवळापुढच्या मांडावर, म्हणजे मोकळ्या जागेत होतो. नेपथ्य काही नाही. एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेली संहिता नसतेच. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोण काय होणार एवढं ठरतं, बाकी संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. समोरच्याने कोटी केली की त्याच दमात उत्तर द्यायचं, तेही भूमिकेत राहून. बायकांची कामं पुरुषच करतात, आणि लुगडं नेसून मांडावर आले की बघणाऱ्या बायकाही थक्क होतात.
आधी गणपती येतो, मग सरस्वती, मग संकासुर. हा ब्रह्मदेवाचे वेद पळवतो. देव बोलतात पोथीतल्यासारखं आणि संकासुर बोलतो अस्सल मालवणी, गावातल्या लोकांची नावं घेऊन टोमणे मारत. लहानपणी आम्ही त्याला घाबरायचो आणि त्याच्याच मागे पळायचो.
आणि रंगवायला वेगळा माणूस नसतो. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने आपला चेहरा आपण रंगवायचा. चित्रपटात प्रभावळकर रंगायला बसतात तिथे मी पडद्याकडे बघत नव्हतोच, मी आमच्या देवळाच्या ओसरीवर होतो. म्हणून सांगतो, खरं वाटलं.

जोशी काकू, ए-१०२: किती सुंदर लिहिलंत भावजी!

तांबोळी वहिनी, सी-२०३: आम्ही मुलाला घेऊन गेलो होतो. मला सगळ्यात भिडलं ते बाबुली आणि माधव या बापलेकाचं. मुलगा म्हणतो बाबा आता पुरे, नजर जात चाललीय, बंद करा. आणि बाप थांबत नाही. आमच्या घरी हेच झालंय. सासरे शिलाईकाम करायचे. डोळ्यांना दिसेना तरी मशीन सोडेनात. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारायचे, पण कापड कोणाला कापू द्यायचे नाहीत. यांनी मशीन विकायचा विषय काढला की भरल्या ताटावरून उठायचे. थिएटरमध्ये यांनी माझा हात घट्ट धरला होता, एक शब्द बोलले नाहीत.

अमेय, बी-२०४: वहिनी, खरंय. माधव झालेला सिद्धार्थ मेनन मला 'हॅप्पी जर्नी'पासून आवडतो. बापावर चिडतो तेव्हाही त्याचा जीव बापात अडकलेला दिसतो. प्रभावळकरांसमोर उभं राहून हरवून न जाणं सोपं नाही.

ऋचा, सी-६०१: मी जरा वेगळं बोलू का? प्रभावळकर आजोबांबद्दल वादच नाही. पण चित्रपट म्हणून मला मध्यंतरानंतर फार सोपा होत गेल्यासारखा वाटला. पहिल्या भागात माणसं आहेत. माधवला नोकरी हवी असते, ती खाणीतच मिळते, तिथून गोष्ट किती गुंतत गेली असती! गावात खाण येते तेव्हा कुणाला जमीन विकायची असते, कुणाच्या पोराला काम हवं असतं, कुणाला डोंगर वाचवायचा असतो. हे सगळं एकाच घरात असू शकतं. पण नंतर एका बाजूला सगळे वाईट आणि दुसऱ्या बाजूला बाबुली, एवढंच उरतं.

जोशी काकू, ए-१०२: ऋचा, शेवट सांगू नकोस गं! ए विंगमधल्या निम्म्या जणी शनिवारी जाणार आहेत.

ऋचा, सी-६०१: नाही काकू, त्याच्यापुढे काही नाही सांगत.

सावंत काका, बी-४०२: ऋचा बाळा, तुझं म्हणणं कळलं. पण माझी बाजू ऐक. दोडामार्ग तालुक्यात कळणे गाव आहे. तिथे लोहखनिजाची खाण झाली. गावातल्या लोकांनी आधीपासून विरोध केला होता. २०२१ च्या जुलैत पावसात खाणीत साचलेलं पाणी बांध फोडून बाहेर आलं आणि लाल चिखल घरांत, शेतांत, बागायतीत घुसला. ज्या पोफळीच्या बागा आजाने लावल्या असं माणूस सांगतो, तिथे गुडघाभर गाळ. हे ज्याने बघितलंय त्याला पडद्यावरचे वाईट लोक एकसुरी वाटत नाहीत. त्याला वाटतं, कोणीतरी आमची बाजू घेतली एकदाची.

ऋचा, सी-६०१: काका, हे मला माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पण उलट यामुळेच मला वाटतं की कळणे गावासारखी गोष्ट आणखी बारकाईने यायला हवी होती. तुम्ही आता चार ओळींत सांगितलंत ते चित्रपटातल्या खाणीपेक्षा जास्त अंगावर आलं.

सावंत काका, बी-४०२: बरं बाई, यावर आपण दोघं बसून बोलू. चहाला ये.

अमेय, बी-२०४: मला 'कांतारा' या कन्नड चित्रपटाची आठवण येत होती सारखी. जंगल, देव, लोककला, शेवटी अन्यायाचा हिशेब.

सावंत काका, बी-४०२: येणारच. पण एक फरक लक्षात घे. 'कांतारा'त दाखवलेला भूतकोल हा कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या तुळुनाडूतला विधी. त्यात दैव, म्हणजे तिथली देवता, माणसाच्या अंगात येतं, असं लोक मानतात. तो माणूस बोलतो ते दैवाचं बोलणं. दशावतारात अंगात येणं नाही. तो नट आहे हे त्यालाही ठाऊक आणि समोरच्यालाही. दुपारी शेतात दिसलेला माणूसच रात्री विष्णू झालेला असतो. तरी त्या वेषात असताना म्हाताऱ्या बायका त्याच्या पाया पडतात. सोंग आहे हे माहीत असून पाया पडतात. बाबुलीचं सगळं बळ मला तिथे दिसलं.

कुलकर्णी सर, ए-३०३: सावंत, उत्तम मुद्दा. आता मला राहवत नाही.
मी प्रभावळकरांची 'हसवाफसवी' रंगमंचावर पाहिली आहे. नाटक त्यांनीच लिहिलेलं आणि एकट्याने सहा भूमिका. त्यात कृष्णराव हेरंबकर नावाचा थकलेला संगीत नट होता. बाबुली पाहताना मला कृष्णराव आठवत राहिले. दोघेही म्हातारे नट, पण कृष्णराव जुन्या दिवसांत राहतो आणि बाबुलीला आज रात्रीचा प्रयोग करायचा आहे. एकाच नटाने दोन म्हातारे नट इतके वेगळे करावेत, हे किती अवघड आहे ते ज्याने एकांकिकेत मिशी चिकटवून आजोबा केलेत त्याला विचारा.
दिसत नसलेला माणूस करायचा म्हटलं की हौशी नट हात पुढे करून हवेत चाचपडायला लागतो. इथे तसं नाही. बाबुलीचं घर त्याला पाठ आहे, त्यामुळे घरात तो सरळ चालतो. अडखळतो तो अनोळखी जागी. आणि तोंडाला रंग लागला की त्याच पायांत ठेका येतो, पाठ ताठ होते, आवाज खालून येतो. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फक्त पावलांकडे बघत होतो.

जोशी काकू, ए-१०२: सर, मला 'चौकट राजा'तला नंदू आठवला. १९९१ चा ना तो? त्यातसुद्धा त्यांनी कुठेही दया मागितली नाही. आणि दोनच वर्षांनी 'झपाटलेला'त तात्या विंचू! माझा मुलगा बाहुल्याला घाबरून आठवडाभर आमच्यात झोपायचा.

तांबोळी वहिनी, सी-२०३: आणि टिपरेंचे आबा! आमच्याकडे ती मालिका लागली की सासूबाई फोनसुद्धा उचलायच्या नाहीत.

अमेय, बी-२०४: 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी विसरलात. २००६ च्या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच्यासाठी आणि 'शेवरी'साठी मिळून. तात्या विंचू आणि गांधीजी एकाच माणसाने करावेत! दुसऱ्या कुठल्या नटाच्या नावावर हे असेल मला सांगा.

कुलकर्णी सर, ए-३०३: म्हणून म्हणतो, चित्रपट आवडला-नावडला हा एक भाग. ऋचाचं म्हणणं मला बरंचसं पटतं, लेखन पुढे सैल होतं. पण नटाचं काम लेखनाच्या पलीकडे गेलेलं असलं तर त्याचं श्रेय त्याला वेगळं द्यायला हवं.

ऋचा, सी-६०१: हे मात्र शंभर टक्के. सर, मग तुम्ही 'साबर बोंडं' बघाच. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक चित्रपट विभागात त्याला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. तिथे निवडला गेलेला पहिलाच मराठी चित्रपट. रोहन परशुराम कानवडेचा पहिला चित्रपट आहे. १९ सप्टेंबरपासून लागलाय.

जोशी काकू, ए-१०२: कशावर आहे गं?

ऋचा, सी-६०१: मुंबईत नोकरी करणाऱ्या आनंदचे वडील जातात. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी जातो. नातेवाईक सारखे लग्नाचं विचारतात. तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघं पुन्हा जवळ येतात. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे काकू, पण आरडाओरडा नाही, भाषण नाही. दिग्दर्शकाने स्वतःच्या वडिलांच्या जाण्यानंतरच्या दिवसांतून ती लिहिली आहे.
आनंद झालेला भूषण मनोज बोलतो फार कमी. सतत कोणी ना कोणी त्याला काहीतरी विचारत असतं आणि तो उत्तर गिळतो. सुरज सुमनचा बाळ्या शेळ्या हाकत, उन्हात बसून ज्या सहजपणे बोलतो, तो नट आहे हेच विसरायला होतं.

तांबोळी वहिनी, सी-२०३: मी पाहिला. गेल्या शुक्रवारी एकटीच गेले होते. मला सगळ्यात जास्त आई आवडली. जयश्री जगताप. मुलाचं तिला सगळं ठाऊक असतं. ती त्याला मिठी मारून रडत नाही, समजावत नाही. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा ती ज्या तऱ्हेने त्याला सांभाळून घेते, तशी आई मी पडद्यावर फार वर्षांत पाहिली नव्हती. अशा बायका आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही.

जोशी काकू, ए-१०२: वहिनी, तुम्ही असं लिहिलंत की आता मला जायलाच हवं. आमचे हे येतील की नाही माहीत नाही, मी येते.

कुलकर्णी सर, ए-३०३: मीही. कुठे लागलाय?

ऋचा, सी-६०१: तोच तर प्रश्न आहे सर. आपल्या जवळच्या मल्टिप्लेक्सला एकच शो, सकाळी सव्वानऊचा, तोही आठवड्याच्या मधल्या वारी. नोकरी करणाऱ्याने बघायचा कधी?

अमेय, बी-२०४: दरवेळचं आहे हे. प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवायचा निर्णय सरकारने २०१५ साली घेतला होता. दहा वर्षं झाली आणि आपण अजून सव्वानऊच्या शोवरच बोलतोय. त्यात आपलेही लोक एकाच दिवशी येतात. १२ सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' तिन्ही एकदम! प्रिया बापट-उमेश कामत इतक्या वर्षांनी मोठ्या पडद्यावर एकत्र, सोबत गिरीश ओक आणि निवेदिता सराफ. मला तोही बघायचा होता. एका आठवड्यात एका घराने किती तिकिटं काढायची?

जोशी काकू, ए-१०२: आम्ही तो पाहिला. हलकाफुलका आहे. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्यासाठी जा.

सावंत काका, बी-४०२: 'दशावतार'चं मात्र बघा, तोंडी कौतुक पसरत गेलं आणि शो वाढत गेले. माझ्या भावाने कुडाळातून फोन करून सांगितलं, गाड्या भरभरून लोक बघायला येतायत. मांडावर रात्र जागवणारी माणसं आता थिएटरात रांगा लावतायत.

तांबोळी वहिनी, सी-२०३: सावंत भावजी, खरा दशावतार बघायचा असेल तर कधी जायचं? मुलगा मागे लागलाय. घरी टॉवेल बांधून नरसिंह करतोय.

सावंत काका, बी-४०२: अरे वा! वहिनी, कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात, मग एकेका गावाची तारीख लागते. मंडळं इकडे मुंबई-ठाण्यातही प्रयोगाला येतात, पण नाट्यगृहातलं तीन तासांचं वेगळं. पोराला जत्रेलाच न्या. आधी देवाची पालखी, मग मध्यरात्रीच्या पुढे नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत. थंडी मरणाची असते, गोधडी हवी. खाजं आणि मालवणी भजी मिळतात. पहाटे दहीकाला होतो, हंडी फोडतात, तेव्हा रात्र संपते. आमच्या घरी दहा-बारा माणसं आरामात मावतात.

ऋचा, सी-६०१: काका, मी येऊ?

सावंत काका, बी-४०२: तू तर येच. कळणेही दाखवतो. दोडामार्गला जायला आमच्याकडून गाडी करावी लागेल, ती मी बघतो.

कुलकर्णी सर, ए-३०३: माझं नाव लिहा. मला तो बाकड्यावरचा रथ बघायचाय.

अमेय, बी-२०४: रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. काका, जत्रेची तारीख कळली की लगेच ग्रुपवर टाका. कोकणकन्या दोन मिनिटांत भरते.

सावंत काका, बी-४०२: उद्या भावाला फोन करून विचारतो. तोपर्यंत नावं देत राहा.

तांबोळी वहिनी, सी-२०३: आमची तीन.

जोशी काकू, ए-१०२: आमची दोन. आणि 'साबर बोंडं'च्या गुरुवारच्या सव्वानऊच्या शोला कोण कोण? ऋचा, माझं आणि सरांचं तिकीट तूच काढ, पैसे संध्याकाळी देते.